रोबोट की एसपीएम? आधी जॉब बघा

डिप्लोमा करून कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या मशिन शॉपमध्ये लागलात, की हा प्रश्न कधी ना कधी तुमच्यासमोर येणार: लाइनवर रोबोट घ्यायचा की खास त्या कामाचं एसपीएम (स्पेशल पर्पज मशिन) बनवून घ्यायचं? गेली काही वर्षं मी याच कामात आहे. माझं मत ठाम आहे. किमतीचं नंतर, आधी तो जॉब, म्हणजे मशिनवर बनणारा पार्ट, किती वर्षं चालणार आणि किती प्रकारांत येणार ते विचारा.

समजा, हाउसिंगला एकाच पीसीडीवर (होलांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) आठ होल मारायचे आहेत. मल्टिस्पिंडल हेडचं (एकत्र फिरणाऱ्या अनेक ड्रिलचं) एसपीएम आठही होल एका दमात मारतं. व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं, प्रोग्रॅमवर चालणारं सीएनसी मशिन, एकेक करून मारणार, मग लोडिंगला माणूस असो वा रोबोट. जॉब वर्षानुवर्षं तोच आणि मोठ्या संख्येत असेल, तर एसपीएमला तोड नाही. पण पार्टीने (गिऱ्हाइकाने) ड्रॉइंगवर पीसीडी बदलला की ते हेड बाजूलाच पडतं. लॉट सारखे बदलत असतील तिथे सीएनसीसमोर रोबोटच बरा.

रोबोट काहीही करतो, हे मात्र अर्धंच खरं. त्याच्या जॉब पकडणाऱ्या ग्रिपरची बोटं त्या-त्या जॉबच्या मापाचीच असतात. पेलोडचा, म्हणजे रोबोट किती वजन उचलू शकतो त्याचा, हिशोबही नीट करा. २० किलो पेलोडचा रोबोट, ८ किलोचं कास्टिंग, भरपूर झालं असं वाटतं. पण डबल ग्रिपरमध्ये एका बाजूला तयार जॉब, दुसऱ्या बाजूला कच्चा, म्हणजे १६ किलो. ग्रिपर स्वतः ६ किलोचा. झाले २२!

आपल्याकडे काम कास्टिंगचं, म्हणून आणखी एक. पार्टिंग लाइनवर (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे) फ्लॅश, म्हणजे जादा धातूची कड, राहिलेला असला तर ऑपरेटरच्या बोटांना लगेच कळतं, तो फाइल मारतो. जॉब बसवायच्या फिक्श्चरच्या सीटवर धातूची चिप दिसली तर एअर मारतो. रोबोट जॉब तसाच ठेवणार आणि क्लॅम्प बसला की माप गेलं. म्हणून एअर ब्लो आणि सीट चेक सेन्सर पहिल्या कोटेशनमध्येच मागून घ्या. एसपीएमला ऑटो लोडिंग असेल तर तिथेही.

व्हेंडरला बोलावण्याआधी एक पूर्ण शिफ्ट स्टॉपवॉच घेऊन ऑपरेटरशेजारी उभे राहा. लोडिंगला किती सेकंद लागतात ते टिपाच, पण कुणी न सांगता तो जे जे करतो तेही लिहून काढा. तो कागद व्हेंडरच्या हातात द्या.