'द सिम्पसन्स'बद्दल लिहिताय? माहिती तपासताना या चुका टाळा

जगात काहीही मोठं घडलं की काही तासांत व्हॉट्सअ‍ॅपवर पिवळ्या चेहऱ्यांचं चित्र येतं. खाली ओळ असते, 'सिम्पसन्सने हे वीस वर्षांपूर्वीच दाखवलं होतं!' 'द सिम्पसन्स' ही स्प्रिंगफील्ड नावाच्या काल्पनिक गावातल्या होमर, मार्ज आणि त्यांची मुलं बार्ट, लिसा, मॅगी या कुटुंबाची अमेरिकन कार्टून मालिका. चित्र खरं वाटतं, कारण मालिका खरी आहे आणि भाग इतके आहेत की सगळे पाहिलेला माणूस सापडणं मुश्कील. आजवर ७५० हून अधिक भाग झाले आहेत. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात काहीही खपून जातं, आणि म्हणूनच प्रश्नमंजूषा काढणाऱ्यांनी, लेख किंवा पोस्ट लिहिणाऱ्यांनी इथे जरा जास्त काळजी घ्यायला हवी. या मालिकेवर माझं मनापासून प्रेम आहे. तिच्या नावावर खोटं खपवलेलं पाहिलं की त्रास होतो, कारण तिच्यातलं खरंच इतकं सुरस आहे की वर काही जोडायची गरज नाही.

भाकितांची चित्रं पडताळल्याशिवाय पुढे ढकलणं

सर्वात जास्त फिरलेलं उदाहरण डोनाल्ड ट्रम्प यांचं. त्यातला एक धागा खरा आहे. १९ मार्च २००० रोजी प्रसारित झालेल्या 'बार्ट टू द फ्यूचर' या भागात भविष्यकाळ दाखवला आहे. लिसा राष्ट्राध्यक्ष झालेली असते आणि आपल्याला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याकडून आर्थिक खड्डा वारशाने मिळाल्याचं सांगते. ट्रम्प स्वतः त्या भागात दिसत नाहीत, फक्त त्यांचं नाव येतं. मग सरकत्या जिन्यावरून खाली उतरणारे, हात हलवणारे कार्टून ट्रम्प आले कुठून? ते जुलै २०१५ मधल्या 'ट्रम्पटास्टिक व्हॉयेज' नावाच्या छोट्या व्हिडिओतले. ट्रम्प यांनी प्रत्यक्षात सरकत्या जिन्यावरून उतरून उमेदवारी जाहीर केली ती १६ जून २०१५ ला. म्हणजे घटना आधी आणि चित्र नंतर. फॉरवर्डमध्ये २००० चं वाक्य आणि २०१५ चं चित्र एकत्र चिकटवलेलं असतं.

उरलेला भागही चमत्कार नाही. १९९९ च्या शेवटी ट्रम्प यांनी रिफॉर्म पार्टीकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी चाचपणी केली होती, आणि फेब्रुवारी २००० मध्ये माघार घेतली. त्या काळात नाव चर्चेत होतं, लेखकांनी ते विनोदासाठी उचललं. ही पार्श्वभूमी दिली की वाचकाला मालिका कशी लिहिली जाते तेही कळतं.

कोरोनाच्या वेळचा प्रकार याहून वाईट होता. ६ मे १९९३ च्या 'मार्ज इन चेन्स' या भागात जपानमधून मागवलेल्या ज्यूसरच्या खोक्यांतून 'ओसाका फ्लू' गावात पसरतो, हे खरं. पण त्या दृश्यांच्या शेजारी वृत्तनिवेदक केंट ब्रॉकमनच्या मागे 'कोरोना व्हायरस' लिहिलेलं जे चित्र जोडलं होतं, ते २०१० च्या 'द फूल मॉन्टी' या पूर्णपणे वेगळ्या भागातलं होतं. मूळ चित्रात तिथे 'अपोकॅलिप्स म्याऊ' असं लिहिलं होतं. कोणीतरी ते पुसून नवं लिहिलं. 'मार्ज इन चेन्स'च्या लेखकांपैकी एक, बिल ओकली यांनी तर सांगितलं की त्यांच्या मनात १९६८ चा हाँगकाँग फ्लू होता.

असं चित्र हाती आलं की आधी भागाचं नाव शोधा. नाव नसेल तर चित्राला किंमत शून्य. नाव मिळालं तर ते दृश्य त्या भागात प्रत्यक्ष पाहा. दोन चित्रं शेजारी असतील तर दोन्ही एकाच भागातली आहेत ना, हे वेगळं तपासा. बहुतेक बनावट गोष्टी याच पायरीवर पडतात. काही टिकतातही: ८ नोव्हेंबर १९९८ च्या 'व्हेन यू डिश अपॉन अ स्टार'मध्ये 'ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स' या पाटीखाली 'वॉल्ट डिस्ने कंपनीचा विभाग' असं खरोखर लिहिलेलं आहे, आणि डिस्नेने फॉक्स विकत घेण्याचा व्यवहार मार्च २०१९ मध्ये पूर्ण केला.

मालिका स्वतःबद्दल सांगते ते खरं मानणं

ही चूक जाणकारही करतात. जुन्या शीर्षकदृश्यात दुकानाच्या काउंटरवर तान्ही मॅगी चुकून वस्तूंबरोबर स्कॅन होते. क्षणभर यंत्रावर काहीतरी उमटतं. काय? खूप जण ठामपणे सांगतात, 'एनआरए फॉरएव्हर', म्हणजे बंदूकधारकांच्या संघटनेचा जयजयकार. ही अफवा खुद्द मालिकेनेच सोडली. ३ डिसेंबर १९९५ च्या १३८ व्या विशेष भागात सूत्रधार ट्रॉय मॅक्लुअर प्रेक्षकांना हे 'गुपित' सांगतो, आणि वर निर्माते मॅट ग्रेनिंग असे कडवे उजवे संदेश प्रत्येक भागात घुसवतात, असंही म्हणतो. सगळा विनोद होता. दृश्य थांबवून पाहिलं तर तिथे ८४७.६३ हा आकडा आहे.

स्प्रिंगफील्ड नेमकं कोणत्या राज्यात, हाही असाच सापळा. २००७ च्या सिम्पसन्स चित्रपटात शेजारी नेड फ्लँडर्स सांगतो की या राज्याच्या सीमा ओहायो, नेवाडा, मेन आणि केंटकीला लागून आहेत. अमेरिकेचा नकाशा उघडा, असं राज्य असूच शकत नाही. २०१२ मध्ये ग्रेनिंग यांनी एका मुलाखतीत गावाचं नाव ओरेगनमधल्या स्प्रिंगफील्डवरून सुचल्याचं सांगितलं. लगेच 'अखेर रहस्य उलगडलं' अशा बातम्या आल्या. पण नाव कुठून घेतलं आणि गाव कुठे आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आहे, दुसऱ्याचं मालिकेने मुद्दाम दिलेलं नाही. ग्रेनिंग पोर्टलंडमध्ये ज्या एव्हरग्रीन टेरेस रस्त्यावर वाढले, त्याचं नाव सिम्पसन कुटुंबाच्या पत्त्यात आहे, ही मात्र बिनधास्त लिहिण्याजोगी गोष्ट.

'पहिला' आणि 'सर्वात जास्त' हे शब्द सैल वापरणं

'पहिला भाग कोणता?' या साध्या प्रश्नाची तीन उत्तरं आहेत. १९ एप्रिल १९८७ ला 'द ट्रेसी उलमन शो'मध्ये या कुटुंबाची पहिली छोटी चित्रफीत दिसली. अशा ४८ फिती झाल्या. अर्ध्या तासाचा पहिला प्रसारित भाग म्हणजे १७ डिसेंबर १९८९ चा नाताळ विशेष, 'सिम्पसन्स रोस्टिंग ऑन अ‍ॅन ओपन फायर'. पण पहिला तयार झालेला भाग वेगळाच, 'सम एन्चांटेड इव्हनिंग'. त्याचं अ‍ॅनिमेशन इतकं बिघडून आलं की मोठा भाग पुन्हा करावा लागला, आणि तो थेट १३ मे १९९० ला, पहिल्या पर्वाच्या शेवटी दाखवला गेला. प्रश्न विचारताना 'पहिला प्रसारित' की 'पहिला तयार झालेला' हे लिहिलंच पाहिजे.

'जगातली सर्वात जास्त काळ चाललेली अ‍ॅनिमेटेड मालिका' हे वाक्य मराठीतही वारंवार वाचायला मिळतं आणि ते चूक आहे. जपानची 'साझाए-सान' १९६९ पासून सुरू आहे. सिम्पसन्सचा विक्रम अमेरिकेतल्या संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या, लिखित संहितेच्या मालिकांमधला. तिथे १९६० च्या दशकातल्या 'द फ्लिन्टस्टोन्स'चे १६६ भाग तिने ९ फेब्रुवारी १९९७ ला मागे टाकले, आणि 'गनस्मोक'चे ६३५ भाग एप्रिल २०१८ मध्ये.

दोन ठिकाणी दोन तारखा किंवा क्रमांक दिसले तर

तारीख एका दिवसाने पुढे-मागे असेल तर आधी घड्याळ बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी रात्री आठला लागणारा भाग भारतात सोमवारी पहाटे साडेपाच किंवा सकाळी साडेसहाला येतो. तारीख नेहमी अमेरिकेतल्या मूळ प्रसारणाची लिहावी.

वार तपासणं ही त्याहून उपयोगी युक्ती. १९९० च्या दुसऱ्या पर्वापासून १९९४ पर्यंत मालिका गुरुवारी लागायची, त्याआधी आणि नंतर रविवारी. एखाद्या यादीत १९९२ मधल्या नव्या भागाला रविवार पडत असेल तर शंका घ्या आणि दुसरीकडे पडताळा. वर दिलेली ६ मे १९९३ ही तारीख कॅलेंडरवर पाहा, गुरुवारच आहे.

पर्व वेगळं दिसत असेल तर निर्मितीचा सांकेतिक क्रमांक शोधा. 'कॅम्प क्रस्टी' हा चौथ्या पर्वाचा पहिला भाग, पण तो तयार झाला तिसऱ्या पर्वाच्या निर्मितीत. दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर असतात. आणि स्ट्रीमिंगवर बोटाने मोजून क्रमांक लिहू नका: मायकल जॅक्सन यांचा आवाज असलेला, तिसऱ्या पर्वाची सुरुवात करणारा 'स्टार्क रेव्हिंग डॅड' मार्च २०१९ मध्ये प्रदर्शनातून काढून घेतला गेला. त्या पर्वाची मोजणी तिथूनच एकाने चुकते. या भागात बोलण्याचा आवाज जॅक्सन यांचा आहे, गाण्याचा किप लेनन यांचा, आणि श्रेयनामावलीत जॅक्सन यांच्या जागी जॉन जे स्मिथ हे टोपणनाव. तिन्ही गोष्टी एका वाक्यात कोंबताना हमखास गडबड होते.

कापलेली चौकट पाहून 'असं काही नाही' म्हणणं

जुने भाग जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढलेले आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर ते रुंद पडद्यासाठी वर-खाली कापून आले. त्यात 'डफलेस'मधला एक सुंदर विनोद गेला: डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय या तीन वेगळ्या बिअरच्या टाक्या वरच्या एकाच नळीतून भरल्या जातात. नळीच चौकटीबाहेर गेली! प्रेक्षकांनी तक्रारी केल्यावर मे २०२० पासून मूळ आकारात पाहण्याचा पर्याय मिळाला. दृश्यातला तपशील तपासताना आधी तो पर्याय लावा.

गोष्टीतल्या विसंगतीला एकच 'बरोबर उत्तर' देणं

१९९१ च्या 'द वे वी वॉज'मध्ये होमर आणि मार्ज १९७४ साली शाळेच्या शेवटच्या वर्षात आहेत. २००८ च्या 'दॅट नाइन्टीज शो'मध्ये त्यांचं तरुणपण १९९० च्या दशकात सरकलेलं दिसतं. पात्रांचं वय वाढत नाही, त्यामुळे भूतकाळ पुढे ढकलावा लागतो. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण 'होमर आणि मार्ज शाळेत कधी भेटले?' असा मोघम प्रश्न काढणं अन्यायाचं आहे, कारण नीट मालिका पाहिलेला स्पर्धकच त्यात अडकतो. भागाचं नाव प्रश्नातच घाला: '१९९१ मध्ये प्रसारित झालेल्या "द वे वी वॉज"नुसार होमर आणि मार्ज कोणत्या वर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते?'