खान्देशात कामासाठी येणाऱ्या माणसांची तात्पुरती राहण्याची सोय कशी करावी

ती खोली मी जानेवारीत, सकाळी दहाच्या कोवळ्या उन्हात पाहिली होती. भुसावळात दुसऱ्या मजल्यावर, स्वच्छ, भाडंही बेताचं. लगेच पक्की केली. मे महिन्यात जवळच्या एका कामावर चार टेक्निशियन आले आणि तिथे राहायला लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो, तर रात्रपाळी करून आलेला फिटर जिन्यातल्या फरशीवर झोपला होता. खोलीच्या डोक्यावर थेट स्लॅब, खिडकी पश्चिमेला, पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. सगळ्या घरात तेवढा जिनाच काय तो गार होता. आणि त्या माणसाला रात्री पुन्हा उंचावर चढून काम करायचं होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळतो. माणूस ज्या वेळी झोपणार, त्या वेळी खोली पाहायची. खाली जे सांगतो आहे, ते सगळं याच्याच आगेमागे आहे.

आधी काम कुठे, किती दिवस आणि कोणत्या पाळीत, हे विचारा

पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून निरोप येतो, ‘जळगावला माणसं पाठवतोय.’ प्रत्यक्षात काम वरणगावला असतं, नाहीतर चाळीसगावला. ‘धुळे’ म्हणतात आणि साइट निघते साक्रीच्या माळावर किंवा शिरपूरला. धुळे ते शिरपूर अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. शहरातलं चांगलं हॉटेल घेतलंत, तर माणसाचे रोजचे दोन-अडीच तास रस्त्यात जातात. म्हणून साइटचं लोकेशन मागवा आणि पाळी सुटण्याच्या वेळी तिथून गाडी मिळते का, ते बघा. जळगाव-भुसावळ रेल्वेने अर्ध्या तासाचं काम आहे, पण रात्री अकराला सुटणाऱ्या माणसाच्या वेळेला गाडी असेल तरच त्याचा उपयोग.

आठवडा-दहा दिवसांचं काम असेल तर लॉजच बरा. महिनाभराचं असेल तर लॉजवाल्याशी महिन्याच्या हिशेबाने बोला. रोजच्या दरात बराच फरक पडतो. त्याहून जास्त असेल तर वन बीएचके घ्या. एखाद्या रात्रीचा प्रश्न असेल आणि माणूस रेल्वेने येत असेल, तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळते. शासकीय विश्रामगृहाच्या भरवशावर राहू नका. तिथे सरकारी दौऱ्यावरच्या लोकांचा हक्क आधी असतो.

तारखा पंचांगात बघून घ्या

लग्नाच्या तिथीला तालुक्याच्या गावात लॉज मिळत नाही, वऱ्हाडाने सगळे आधीच घेतलेले असतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा शहादा-दोंडाईचा भागात आयत्या वेळी जागा शोधू नका. हिवाळ्यात अजिंठ्याला जाणारे लोक जळगावात उतरतात. आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, म्हणजे खान्देशची देवी, बसते. त्या दिवशी घरमालकाकडे किल्ली मागायला जाऊ नका. बाहेरगावी गेलेलं सगळं भाऊबंद घरी आलेलं असतं, नैवेद्याच्या रोटांची गडबड असते, खानावळही बहुतेक बंदच असते.

खोली मिळते ती विचारून

मोबाइलवर जळगाव, धुळ्याची हॉटेलं दिसतात. नवापूर, साक्री, रावेरला मात्र पायपीट करावी लागते. एमआयडीसीच्या गेटवरची चहाची टपरी, गल्लीतलं किराणा दुकान, डबे पुरवणाऱ्या मावशी, तिथे आधीपासून काम करणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर, या माणसांना रिकाम्या खोल्या माहीत असतात. ‘आठे एखादी खोली खाली शे का, भाऊ?’ असं अहिराणीत विचारलंत तर माणूस टपरीवरून उठून दाखवायला येतो. हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पाण्याचं नीट विचारा

‘पाणी आहे का?’ या प्रश्नाला ‘भरपूर’ हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: नळ किती दिवसांनी येतो, टाकी किती लिटरची आहे, त्या टाकीवर किती घरं आहेत? आपल्याकडे बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही आणि उन्हाळ्यात मधले दिवस वाढतात. माणशी दिवसाला शंभर लिटर धरा. चार माणसं आणि चार दिवसांनी येणारा नळ म्हणजे सोळाशे लिटर. हजाराच्या टाकीत हे भागत नाही. कुलरला लागणारं पाणी वेगळं. बोअर असेल तर उत्तम, पण पिण्यासाठी जारची सोय लावून द्या.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे कुलर ही चैन समजू नका. वरचा मजला टाळा. टाळता येत नसेल तर मोठा कुलर लावायला खिडकी आहे का, ते बघा. दिवसा झोपणाऱ्यांसाठी जाड पडदे लावा. रात्रपाळीवाला आणि दिवसपाळीवाला एका खोलीत ठेवू नका, दोघांचीही झोप मोडते.

कोण राहणार, ते मालकाला खरं सांगा

‘फॅमिलीलाच देतो,’ हे वाक्य पुष्कळदा ऐकावं लागतं. माणसं बॅचलर आहेत, दोघे बिहारचे आहेत, एक तमिळनाडूचा आहे, मांसाहार करतात, पहाटे चारला येतात, हे सगळं पहिल्याच भेटीत सांगा. लपवून घेतलेली खोली पंधरा दिवसांत सोडावी लागते आणि अपमान सोसावा लागतो तो त्या बिचाऱ्या माणसाला, तुम्हाला नाही. बाई इंजिनिअर येणार असेल तर खोली तिला व्हिडिओ कॉलवर दाखवा आणि तिचा होकार आल्यावरच पैसे द्या. आतून नीट लागणारी कडी, गल्लीतला दिवा आणि स्वतंत्र बाथरूम या गोष्टी स्वतः तपासा.

जेवणाचंही आधीच बोला. कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत आपल्याला प्रिय, पण बाहेरच्या माणसाला रोजचा तो काळा मसाला झेपत नाही. मावशींना तिखट कमी करायला सांगा, भात वाढवायला सांगा आणि डब्याची वेळ पाळीप्रमाणे ठरवा.

कागदपत्रं

साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती ऑनलाइनही होते. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरही देता येते. कंपनी जीएसटीत नोंदलेली असेल आणि राहतं घर भाड्याने घेत असेल, तर १८ जुलै २०२२ पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी घर घेणाऱ्या कंपनीला, भरावा लागतो. बजेट करताना हा आकडा अनेकजण विसरतात.

किल्ली घेताना वीजमीटरच्या आकड्याचा, भिंतींचा आणि नळांचा फोटो काढा, मालकालाही पाठवा. सोडतानाही तसंच करा. कुलर रिकामा करा, डबेवाल्या मावशींचा हिशेब चुकता करा आणि डिपॉझिट त्याच दिवशी मागा. दिवाळीनंतर दुसरी टीम यायची असेल, तर निघतानाच मालकाला तारीख सांगून ठेवा.