बंद पडलेली बाइक छोट्या एसयूव्हीमागे नेताना: दोरी नको, ट्रेलर घ्या

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर बाइक बंद पडली की कोणीतरी थांबून "दोरी बांधा, मी ओढतो" म्हणतोच. मन चांगलं असतं, पण ऐकू नका. पुढची गाडी ब्रेक मारते तेव्हा दोरी सैल पडते आणि बाइक तिच्यावर जाते. गाडी पुन्हा निघाली की दोरी खाडकन ताणते, हँडलला झटका बसतो आणि बाइकवरचा माणूस आडवा होतो. कापूरबावडीच्या गॅरेजपर्यंतच जायचं असेल तर छोटा टेम्पो बोलवा. लांब जायचंय आणि ट्रेलर मिळतोय, तरच पुढचं करा.

आधी एसयूव्हीचं मॅन्युअल उघडून ओढण्याची मर्यादा बघा. ओढू नये असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला. बंपरमधला टो हुक अडकलेली गाडी बाहेर काढण्यापुरता असतो. ट्रेलरला चॅसिसवर बोल्टने पक्की बसवलेली हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा जोड, लागते. ट्रेलरही कायद्याने वाहनच आहे, त्याची नोंदणी आणि नंबर प्लेट तपासा. दिवे लागतात का तेही.

खरी मेख वजनात आहे. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 भरते 195 किलो. ट्रेलर 180 किलोचा धरला तर एकूण 375. त्याचा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे 37-38 किलो भार हिचवर पडायला हवा. बाइक मागे बसली की हिच हलकी होते आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, त्याचं तोंड हिचच्याच उंचीवर येईल असा ठोकळा वजनकाट्यावर ठेवून मोजा. भार कमी आला तर बाइक पुढे घ्या.

बाइक दोघांनी चढवा. एकाने हँडल आणि पुढचा ब्रेक सांभाळायचा, दुसऱ्याने मागून ढकलायचं. पुढचं चाक ट्रेलरवरच्या खाचेत घट्ट बसवा, साइड स्टँड वर घ्या. चार रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याने आवळायचे पट्टे, लागतात. पुढचे दोन हँडलच्या रबरी मुठींना कधीच नकोत. हँडलखाली दोन्ही फोर्क (पुढच्या चाकाचे दांडे) धरणाऱ्या लोखंडी जोडाला बांधा, पुढे आणि बाहेरच्या बाजूला ओढून. डावा-उजवा आळीपाळीने आवळा, पुढचे शॉकअप साधारण निम्मे दबेपर्यंत. मागचे दोन फ्रेमला. पट्टा गरम सायलेन्सरला टेकू देऊ नका.

गेल्या पावसाळ्यात गायमुखच्या खड्ड्यांतून जाताना माझा एक पट्टा सैल झाला होता. बाइक कलंडली नाही, पण आरशात ती झुकलेली दिसली तेव्हा पोटात गोळा आला. तेव्हापासून पहिल्या पाच किलोमीटरवर थांबून चारही पट्टे हाताने ओढून बघतो.

रस्त्यावर 40-50 च्या वर जाऊ नका आणि पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. घाट उतरताना खालचा गिअर. ट्रेलर डोलू लागला तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडा. वळणावर ट्रेलर आतून कापतो, म्हणून रुंद वळा.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा: ट्रेलरचं शेपूट जिकडे न्यायचं, तिकडेच हात हलवा. हे आधी रिकाम्या मैदानात, बाइक न चढवता, तासभर करून बघा.