जुन्या गाडीत इंजिन ऑइल ॲडिटिव्ह ओतण्यापूर्वी : या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत दहा-पंधरा वर्षांची गाडी अजूनही जिवापाड जपली जाते. एरवी ती शहरात पाच-सात किलोमीटर धावते आणि सुट्टीत तीच गाडी महू, मानपूर, सेंधवा मागे टाकत, बिजासन घाट उतरून धुळे-नाशिककडे निघते. अशा प्रवासाआधी गाडी धूर सोडू लागली, ऑइल कमी होऊ लागले किंवा इंजिनाचा आवाज वाढला, की छोटी ग्वालटोलीतल्या दुकानातून ॲडिटिव्हची बाटली येते आणि ऑइलच्या झाकणातून आत ओतली जाते. ही बाटली काही मोजक्या ठिकाणी उपयोगी पडते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बहुतेक वेळा ती बिघाड दूर न करता बिघाडाची खूण तेवढी पुसते आणि त्या काळात थोडक्यात भागणारे काम इंजिन उतरवण्यापर्यंत जाते.

ऑइल म्हणजे नुसते तेल, असे समजणे

डब्यातले चांगले इंजिन ऑइल हे मुळातच ॲडिटिव्ह मिसळलेले असते. काजळी व गाळ साचू न देता तरंगत ठेवणारे डिस्पर्संट, आम्लाचा परिणाम मारणारे डिटर्जंट, धातूवर पातळ संरक्षक थर धरणारे झेडडीडीपी हे जस्त-फॉस्फरसयुक्त संयुग, फेस रोखणारे द्रव्य, आणि तापमान वाढले तरी ऑइल फार पातळ होऊ न देणारे पॉलिमर, असे अनेक घटक त्यात ठरावीक प्रमाणात असतात. यांतले काही घटक धातूच्या एकाच पृष्ठभागावर जागा मिळवू पाहतात, म्हणून त्यांचे प्रमाण जपावे लागते. एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जा मिळवण्यासाठी जी चाचणी होते ती या तयार मिश्रणाची होते. त्यात बाहेरची बाटली ओतल्यानंतर जे मिश्रण तयार होते, त्याची चाचणी आपल्या इंजिनाखेरीज कोठेही झालेली नसते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात अशा अनेक ॲडिटिव्हच्या जाहिरातींवर कारवाई केली. झीज घटण्याच्या आणि इंजिनाचे आयुष्य वाढण्याच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, हा तिचा आक्षेप होता. तेच दावे आजही बाटल्यांवर वाचायला मिळतात.

ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी जपणाऱ्यांची एक शंका मात्र रास्त आहे. त्या जुन्या इंजिनांत कॅमचा उंचवटा टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हकडे हालचाल पोचवणाऱ्या भागावर, थेट घासतो, त्यामुळे तेथे झेडडीडीपीची गरज खरोखर जास्त असते, आणि नव्या ऑइलमध्ये फॉस्फरस कमी केला आहे असे ऐकून लोक झिंकची बाटली शोधतात. पण पेट्रोल गाड्यांच्या अलीकडच्या एपीआय दर्जांतली फॉस्फरसची ०.०८ टक्क्यांची मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० यांसारख्या पातळ श्रेणींसाठी आहे. २०डब्ल्यू-५० या दाट श्रेणीला ती लागू नाही. तेव्हा या गाड्यांसाठी योग्य श्रेणीचे ऑइल निवडणे हाच सरळ उपाय होय. उलट धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत जादा फॉस्फरस गेला, तर जळणाऱ्या ऑइलबरोबर तो कन्व्हर्टरवर साचून त्याची क्षमता घटवतो.

धुराचे कारण न शोधता बाटली ओतणे

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे. धूर आधी नीट पाहावा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि त्याचा ऑइलशी संबंध नाही. इंजिन पूर्ण तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर व त्यावरचे हेड यांमधल्या सीलचा, संशय घ्यावा. येथे कोणतेही ॲडिटिव्ह ओतणे म्हणजे वेळ दवडणे आहे. झाकणाखाली दुधासारखा थर दिसला, तर मात्र लगेच घाबरू नये. इंदूरच्या थंडीत केवळ जवळच्या फेऱ्या होत असतील, तर आतल्या वाफेचे पाणीही तेथे साचते. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले, तर तो गंभीर प्रकार समजावा.

निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, पण ते कोठून येते हे धूर कधी निघतो त्यावरून कळते. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच एक झोत निघून बंद होतो, किंवा भेरूघाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो आणि खाली येऊन तो पुन्हा दाबताच मागे निळा लोट दिसतो, अशा वेळी व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असण्याची शक्यता अधिक असते. घाट चढताना, इंजिनावर भार असताना सतत धूर येत असेल, तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडर झिजलेले असू शकतात. पेट्रोल गाडीत याचा निवाडा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून होतो. दाब कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून मिस्त्रीने पुन्हा मोजावे. आता दाब स्पष्ट वाढला तर दोष रिंगकडे आहे, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडे. अनेक गाड्यांत व्हॉल्व्हचे सील पूर्ण इंजिन न खोलताही बदलता येतात, आणि नेमकी हीच संधी बाटलीच्या नादात हातची जाते.

तपासणीच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह पाहण्याचा आग्रह धरावा. हा लहानसा, स्वस्त भाग चोंदला की इंजिनातला दाब बाहेर जाण्याची वाट बंद होते, मग ऑइल सीलमधून झिरपू लागते आणि मालकाला वाटते की इंजिन संपले. गाडी खरोखर किती ऑइल खाते, हेही मोजून पाहावे. सपाट जागी थंड इंजिनात वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, आणि हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा त्या खुणेपर्यंत यायला किती घालावे लागले ते पाहावे. मधल्या काळात डिपस्टिक तपासत राहावी आणि ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये.

आवाज थांबला म्हणजे दोष गेला, असे मानणे

धूर व आवाज कमी करणाऱ्या अनेक बाटल्यांत दाट पॉलिमर असते. ते ऑइल घट्ट करते, म्हणून टॅपेटची टकटक दबते आणि झिजलेल्या रिंगमधून ऑइल थोडे कमी वर जाते. पण ते पॉलिमर चालत्या भागांत चिरडले जाऊन पुन्हा पातळ होते, आणि मधल्या काळात थंड सकाळी घट्ट ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते. इंजिनाची बरीच झीज सुरू होतानाच्या क्षणांत होते, हे लक्षात घेता हा सौदा चांगला नाही. गाडीच्या पुस्तिकेत आपल्या हवामानासाठी एकाहून अधिक श्रेणी दिलेल्या असतील, तर त्यांतली थोडी दाट श्रेणी पुढच्या वेळी भरून पाहणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण ते निदान तपासलेले मिश्रण असते. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागल्यास मात्र गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. तेथे बाटलीचा विचारही करू नये.

गाळ भरलेल्या इंजिनात फ्लश टाकणे

वर्षानुवर्षे ऑइल उशिरा बदललेल्या इंजिनात चेंबरच्या, म्हणजे खाली ऑइल साठते त्या भांड्याच्या, तळाशी काळा गाळ असतो. तीव्र फ्लशने, म्हणजे इंजिन आतून धुणाऱ्या द्रव्याने, तो एकदम सुटला, तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि बेअरिंगना ऑइल मिळेनासे होते. अशा इंजिनात चांगले ऑइल व नवा फिल्टर घालून पुढचे दोन-तीन बदल लवकर करावेत, म्हणजे डिटर्जंट हळूहळू आपले काम करतात. गाळ फारच असेल, तर चेंबर उतरवून हाताने साफ करणे बरे.

मग बाटली कोठे चालते?

उष्णतेने कडक झालेल्या रबरी सीलमधून थेंबथेंब पाझर होत असेल, तर सील मऊ करून किंचित फुगवणारे ॲडिटिव्ह काही काळ फरक पाडते. फाटलेले सील ते सांधत नाही, आणि त्याचा परिणाम कायमचा नसतो. वर्षभरात विकायची नसलेल्या, पण आत्ता मोठा खर्च न झेपणाऱ्या गाडीसाठी हा उपाय मला मान्य आहे. बीएस-६ डिझेल गाडीत मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या ऑइलखेरीज काहीही घालू नये, कारण जादा राख धुराच्या फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही.

कारची बाटली मोटारसायकलमध्ये ओतणे

गिअरच्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात, म्हणून तेथे जासो या जपानी मानकातल्या एमए किंवा एमए२ दर्जाचे ऑइल सांगितलेले असते. घर्षण कमी करणारे कारचे ॲडिटिव्ह त्यात पडले की क्लच प्लेट निसटू लागतात. ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. असे झाले असल्यास ऑइल काढून योग्य दर्जाचे भरावे, थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे, आणि त्यानंतरही क्लच निसटत राहिला तर प्लेटच नव्या घालाव्या लागतात.