टेप काढून नेलेल्या गाडीत नवा टेप बसवण्याआधी

एमएच-13 (सोलापूर) पासिंगची जुनी गाडी घेतली, इंजिन उत्तम, टायर बरे, पण डॅशबोर्डच्या मधोमध रिकामा चौकोन आणि त्यातून लोंबणाऱ्या वायरी. विकणाऱ्यानं कंपनीचा टेप, म्हणजे गाणी-रेडिओचा सेट, आधीच काढून ठेवलेला. अशा वेळी लगेच दुकान गाठू नका. स्क्रीन किती इंची घ्यायची हे नंतर बघू; खर्च किती येणार ते त्या चौकोनात काय उरलंय यावर ठरतं.

सगळ्यात आधी कपलर शोधा, म्हणजे टेपच्या मागे बसणारं प्लास्टिकचं सॉकेट. तो अखंड असेल तर अर्धं काम झालं. त्या मॉडेलचं तयार वायरिंग बाजारात मिळतं, कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. त्याचा समोरून आणि मागून फोटो काढा, सोबत गाडीचं साल आणि व्हेरिएंट लिहून ठेवा; त्याच नावाच्या गाडीत साल बदललं की कपलरही बदललेला असू शकतो. दुकानदार म्हणाला, 'कापून जोडून देतो, स्वस्तात होईल,' तर कपलर अखंड असताना अजिबात ऐकू नका. एकदा कापलेलं वायरिंग गाडीला कायमचं चिकटतं.

मग माप घ्या. डिन म्हणजे टेपच्या तोंडाचं ठरलेलं माप: सिंगल डिन म्हणजे 180 बाय 50 मिलिमीटर, डबल डिन म्हणजे 180 बाय 100. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत रुंदी 200 असते, तिथं साधा डबल डिन बसवला की दोन्ही बाजूंना फट राहते. आतली खोलीही मोजा, मागे वायरींचा गुंता बसायला जागा लागतेच. टेप धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू बहुतेकदा टेपसोबतच गेलेले असतात, ते यादीत लिहा. नऊ-दहा इंची स्क्रीन हवी असेल तर तुमच्या मॉडेलची फ्रेम वेगळी घ्यावी लागेल. कंपनीचाच जुना टेप मिळत असेल तर मागच्या लेबलवरचा पार्ट नंबर जुळवा, बिल मागा, आणि चालू करायला चोरीविरोधी कोड लागणारा सेट असेल तर कोड हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

कपलर कापून नेला असेल तर मात्र करंट मोजणारा मल्टिमीटर लागणारच. रंगावर भरवसा ठेवू नका. बाजारातल्या टेपला पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीवरची, काळी अर्थची असते. पण गाडी कंपनीचे रंग तिचे स्वतःचे असतात. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॉडीच्या उघड्या बोल्टला लावा, लाल पिन एकेका वायरीला टेकवा. चावी काढलेली असतानाही 12 च्या आसपास दाखवते ती कायम करंटची. चावी एसीसीवर (इंजिन सुरू न करता, पहिल्या टप्प्यावर) फिरवल्यावर जागी होते ती टेपच्या लाल वायरीची जोडीदार. पार्किंग लाइट लावल्यावरच करंट येतो ती डॅशच्या उजेडाची. कायम करंटची आणि चावीवरची, या दोघींची अदलाबदल झाली तर चावी काढली की सेटिंग पुसलं जातं. दोन्ही कायम करंटला जोडल्या तर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

स्पीकरच्या वायरी जोडीनं असतात. दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. ज्या दारातून टक् आवाज येईल ती त्याची जोडी. जाळी काढून पाहिलीत तर पडदा बाहेर ढकलला जातो तेव्हा सेलच्या प्लसला असलेली वायर प्लस. मग मीटर बीपवर (कंटिन्युइटी) ठेवून यातली प्रत्येक वायर बॉडीशी तपासा, मीटरनं काहीच दाखवता कामा नये. दाखवलं तर दाराच्या रबरी नळीत वायर सोललेली आहे, ती आधी दुरुस्त करा. स्पीकरची मायनस वायर कधीही अर्थला जोडू नका, आजच्या टेपचा आउटपुट त्यानं जळतो. आणि पिवळ्या आवरणातलं किंवा पिवळ्या सॉकेटचं वायरिंग दिसलं तर ते एअरबॅगचं असू शकतं, त्याला हात लावू नका, मीटरही लावू नका.

जोडणी काळ्या चिकटपट्टीनं नको, हे सोलापुरात विशेष सांगावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, नवी पेठेत उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशमागे त्याहून जास्त तापतं. चिकटपट्टीचा गोंद सुटतो, वायर उघडी पडते. सोल्डर करून वर श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवा, नाहीतर दाबून बसवायच्या चांगल्या क्रिम्प पिना वापरा.

हत्यारांत स्क्रूड्रायव्हर, 10 चा पाना आणि प्लास्टिकची पट्टी पुरे. लोखंडी पेचकसानं ट्रिम (डॅशचं प्लास्टिक) उचकटली तर ओरखडा राहतो. गिअर आणि कन्सोलवर जुनी चादर अंथरा. फ्यूज बॉक्समधला टेपचा फ्यूज शाबूत आहे का बघा आणि त्याच अँपिअरचा एक जास्तीचा ठेवा. करंट शोधून झाला, वायरींना चिठ्ठ्या लावल्या, की बॅटरीची मायनस काढा आणि मगच जोडा. काम सकाळी धरा, दुपारी डॅशबोर्डला हात लावता येत नाही.

फ्रेम दाबून बसवण्याआधी मायनस लावा आणि सगळं चालवून बघा. बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) फिरवून चारही स्पीकर एकेक ऐका. रिव्हर्स टाकून कॅमेरा, मग स्टिअरिंगवरची बटणं. रेडिओची परीक्षा शहरात घेऊ नका, जवळचं स्टेशन अँटेनाशिवायही लागतं. तुळजापूर रोडला थोडं बाहेर जा. खरखर वाढली तर छतावरच्या अँटेनाच्या बूस्टरला (सिग्नल वाढवणाऱ्या भागाला) 12 व्होल्ट मिळत नाहीत, टेपची निळी वायर त्याला जोडायची राहिली असेल. ती जोडून परत ऐका, मग स्क्रू आवळा.