माळवदाच्या घरातले वायरिंग: नव्या वायरमनसाठी काही अनुभव

आयटीआयमधून तारतंत्रीचा २ वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या मुलांचा हात स्लॅबच्या घरांवर बसलेला असतो. भिंतीला झिरी मारून पाइप गाडणे आणि स्लॅबमध्ये आधीच सोडलेल्या फॅन बॉक्सपर्यंत वायर ओढणे त्यांना चांगले जमते. परंतु सोलापूरच्या जुन्या पेठांत आणि मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या गावांत माळवदाची, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताची, घरे अजून नांदती आहेत. तिथे वर पाहिले की तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या लहान तुकड्यांची किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो, म्हणजे पाइप गाडण्यासारखे छतच नसते. अशा घरात दिव्याची जागा ठरवण्याआधी लाकूड वाचावे, हेच मी नव्या मुलांना प्रथम शिकवतो.

लाकूड वाचायचे म्हणजे शिडीवर चढून प्रत्येक कडीवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकून पाहायची. सागवान शाबूत असेल तर आवाज भरीव येतो. वाळवीने आतून खाल्लेली कडी पोकळ वाजते आणि ड्रायव्हरचे टोक दाबताच आत शिरते. अशा कडीला पंखा तर नाहीच, साधा होल्डरही लावू नये आणि घरमालकाला त्याच वेळी स्पष्ट सांगावे. तुळईला खालच्या अंगाने खाच पाडण्याचा मोह अनेकांना होतो, कारण वायरची पट्टी सरळ जाते आणि काम देखणे दिसते. तुळईच्या मध्यभागी खालच्या बाजूवरच सर्वाधिक ताण असतो, त्यामुळे तिथली लहानशी खाचही धोक्याची ठरते. पट्टी तुळईच्या बाजूने वळवून न्यावी. छिद्र पाडण्यावाचून गत्यंतरच नसेल तर ते लहान आणि उंचीच्या मध्यावर असावे. पंख्यासाठी नुसता स्क्रूचा हूक चालत नाही, कारण फिरणाऱ्या पंख्याच्या हादऱ्याने तो हळूहळू सैल होतो. तुळईला कवेत घेणारा लोखंडी क्लॅम्प नट-बोल्टने आवळावा.

वायर मातीच्या थरातून कधीही नेऊ नये. पावसाळ्यात माळवद कुठेतरी पाझरतेच आणि मातीत उंदीर-घुशींचा वावर असतो. सगळी वायर डोळ्यांना दिसेल अशी, केसिंग-कॅपिंगमधून (झाकणाच्या पट्टीतून) किंवा लोखंडी पाइपमधून न्यावी. दिव्यांना १.५ आणि पॉवर सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मी वापरतो. दिव्यांसाठी १ चौरस मिलिमीटर पुरते हे खरे, पण एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर राहतो आणि भोवतालची उष्णता वाढली की वायरची भार वाहण्याची क्षमता घटते.

सर्वांत जास्त काळजी जोडांची घ्यावी. सैल जोड तापतो, आणि जो ताप सिमेंटच्या भिंतीत एखादे वेळी निभावून जातो तो कोरड्या लाकडाला महिनोन्‌महिने भाजत राहतो. म्हणून प्रत्येक जोड बंद पत्र्याच्या बॉक्समध्ये, कनेक्टर लावून आणि शिडीवरून हात पोहोचेल अशाच जागी असावा. पत्र्याच्या बॉक्सला आणि लोखंडी पाइपला अर्थिंग हवेच. जुन्या बॅटन-पट्टीच्या वायरिंगमध्ये बहुधा अर्थिंगची तारच नसते. तिथे दुरुस्ती करत न बसता नवी लाइन ओढावी आणि डीबीमध्ये (घराच्या मुख्य वितरण पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा.

दिव्यांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. काळपट पडलेले सागवान प्रकाश शोषून घेते, त्यामुळे छताला दहा दिवे लावूनही खोली अंधारीच वाटते. चुना दिलेल्या भिंतींवर प्रकाश टाकणारे दिवे लावले तर थोड्या वॅटमध्ये खोली उजळते. छताला दिवा हवाच असेल तर तो दोन कड्यांच्या मध्ये आडव्या पट्टीवर, मागे हवा खेळेल असा बसवावा.

अलीकडे शेतांवर पाहुण्यांसाठी ओंडक्यांच्या केबिन उभ्या राहतात, त्यांनाही हीच शिस्त लागू पडते. फरक इतकाच, की तिथे वायरमनने सुतारासोबत पहिल्या दिवसापासून हजर राहावे, कारण ओंडके एकावर एक चढत असतानाच उभी छिद्रे एका रेषेत पाडावी लागतात. शिवाय ओंडके वाळून आक्रसतात आणि भिंत थोडी खाली बसते, म्हणून वायरला ढील ठेवावी.

काम संपल्यावर वीजपुरवठा बंद ठेवून आणि दिवे व उपकरणे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्राने) तपासणी करावी. इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम भरला पाहिजे. दर ठरवताना मात्र स्लॅबच्या घराचा पॉइंटचा भाव सांगू नये. माळवदाच्या घरात पॉइंटमागे वेळ बराच जास्त लागतो, तेव्हा आधी घर पाहावे, कड्या ठोकून घ्याव्यात आणि मगच आकडा सांगावा.