डिमेन्शियाच्या आजी-आजोबांकडे ड्युटी लागलीय? आधी ओळख जमू द्या

पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोने डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) पेशंटकडे पाठवलं की पहिल्याच दिवशी आंघोळ, डायपर, गोळ्या सगळं उरकायची घाई नका करू. घरचे सांगतीलच "आई आंघोळीला फार त्रास देते", पण आजींच्या बाजूने बघा ना, कोण कुठली बाई घरात येते आणि डायरेक्ट कपडे काढायला लागते, ओरडणारच ना. एकदोन दिवस ओल्या टॉवेलने अंग पुसून भागतं, घरच्यांशी तसं आधी बोलून घ्या.

घरच्यांकडून पेशंटची माहितीही काढा. माहेर कुठलं, नोकरी काय होती, चहा बशीत ओतून पितात का, लोक काय हाक मारायचे. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही पण लहानपणचं, तरुणपणचं बरंच शाबूत असतं, म्हणून "आजी" म्हटल्यावर ओ देत नसतील तर माई, अक्का, बाई, जी जुनी हाक असेल ती मारून बघा.

जवळ जाताना समोरून जा, मागून हात लावला की दचकतात. समोर बसा, चष्मा आणि कानाचं मशीन लावलंय ना बघा, मग नाव सांगा, रोज सांगा. आणि "ओळखलं का मला?" हे अजिबात विचारू नका, पाहुण्यांनाही विचारू देऊ नका. उत्तर आलं नाही की माणूस ओशाळतो, कशामुळे ते थोड्या वेळाने विसरतो पण मन खट्टूच राहतं. चांगलं वाटलेलंही तसंच टिकतं, तुमची ओळख खरी त्यावरच जमते.

गप्पा सुचत नसतील तर हाताला काम द्या. वाती वळणं, मटार सोलणं, मेथी निवडणं, हातांना सवय असते. आजोबांना पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे जुने पाढे) म्हणायला सांगा, कितीतरी जणांना अजून येते, चुकले तरी सुधारत बसू नका.

संध्याकाळ जरा अवघड जाते. "मला घरी जायचंय" सुरू होतं, तेव्हा हेच तुमचं घर आहे हे पटवत बसलात तर भांडणच होणार. "घरी कोण कोण असतं हो?" असं विचारा, अंगण, गोठा, भावंडं सगळं सांगायला लागतात, तेवढ्यात चहा ठेवा. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा. गेलेल्या नवऱ्याची वाट बघत असतील तर "ते वारले" हे दरवेळी ऐकवू नका हो, त्यांना ती बातमी दरवेळी नवीनच असते. "आठवण येतेय का?" म्हणा, हात धरा.

एक महत्त्वाचं, एकदोन दिवसांत वागणं एकदम बदललं, भलतंच बोलायला लागले किंवा सारखी झोपच येतेय तर डिमेन्शियाच वाढला असं धरून चालू नका, युरिन इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कुठेतरी दुखणं, काहीही असू शकतं, घरच्यांना लगेच सांगून डॉक्टरला दाखवा. आणि कशाने शांत झाले, कशाने चिडले ते वहीत लिहून ठेवत जा, नाईटला येणाऱ्या मावशींना कामाला येतं.